‘संयुक्तपणे व पृथकपणे’ म्हणजे काय, हे नानांना कोणी सांगायचं?

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी नानांनी मला ओट्यावर बोलावून घेतलं. नाना म्हणजे माझे चुलते. बोरी नदीकाठी चार एकर वावर, त्यातलं दोन एकर विहिरीच्या पाण्यावरचं. त्यांनी पिशवीतून कागदांची गुंडाळी काढली, वरचा कागद माझ्या हातात दिला आणि काही बोलले नाहीत. नोटीस होती. व्याह्यांच्या पुतण्यानं दोन वर्षांपूर्वी ट्रॅक्टर घेतला, तेव्हा नाना आणि व्याही दोघंही जामीन राहिले होते. पोरगा काही हप्ते भरून थांबला. फायनान्स कंपनीने आता सगळी थकबाकी एकट्या नानांकडे मागितली होती.

“दोन जामीनदार शेतस ना?” नाना म्हणाले. “मंग माले निम्मंच लागी.”

मी करारनामा उघडला. जामीनदारांच्या जबाबदारीच्या कलमात तीन शब्द होते: ‘जॉइंटली अँड सेव्हरली’. खाली बारीक अक्षरात मराठी भाषांतरही होतं: ‘संयुक्तपणे व पृथकपणे’. नोटीस आली त्या दिवशी नानांच्या धाकट्या मुलानं, माझ्या चुलतभावानं, हे कलम वाचून काढलं होतं. तो बीएस्सी झालेला आहे. त्यानं ‘सेव्हरली’ला ‘सिव्हिअरली’ वाचलं आणि वडिलांना सांगितलं, “कडक कारवाई करतील असं लिहिलंय.” मग मोबाईलवर स्पेलिंग तपासलं, तर शब्द ‘सेव्हरल’पासून आलेला निघाला. ‘सेव्हरल’ म्हणजे अनेक. म्हणून त्यानं अर्थ बदलला: “अनेक वेळा नोटीस पाठवतील.”

त्या मुलाला आठवी ते दहावी इंग्रजी मी शिकवलं आहे. ‘सेव्हरल म्हणजे अनेक’ हे त्याच्या वहीत माझ्याच अक्षरातलं आहे.

‘सेव्हरल’चा जुना अर्थ वेगळा, सुटा, एकेकटा असा आहे. ज्या लॅटिन मुळातून ‘सेपरेट’ आला त्यातूनच हाही शब्द फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. म्हणजे कलमाचा अर्थ असा, की कंपनी दोघांकडून मिळून पैसे मागू शकते, आणि दोघांपैकी कोणा एकट्याकडूनही पूर्ण मागू शकते. भारतीय करार कायदा १८७२ चं कलम ४३ एकत्र वचन देणाऱ्यांबाबत तेच सांगतं, आणि कलम १२८ सांगतं की करारात वेगळं काही लिहिलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. नानांच्या सातबाऱ्यावर विहीर लागलेली आहे. कंपनीने त्यांना गाठलं यात नवल काही नाही.

नानांचा ‘निम्म्या’चा हिशेब पूर्णपणे चुकीचाही नव्हता. याच कायद्याचं कलम १४६ सांगतं की सहजामीनदारांनी आपापसात बोजा सारखा वाटून घ्यायचा. पण तो हिशेब दोन जामीनदारांमधला. कर्ज देणाऱ्या कंपनीला तो दाखवता येत नाही. ‘संयुक्तपणे’ हा शब्द नानांना कळला होता, ‘पृथकपणे’ कळला नव्हता. सगळा प्रश्न त्या दुसऱ्या शब्दात होता.

म्हणून हे लिहितो आहे. इंग्रजीतल्या जोडशब्दांना आपण शाळेत पाठांतराची यादी करून टाकलं आणि कागदोपत्री शब्दाला शब्द ठेवून उरकलं. दोन्हीकडे एकच गोष्ट सुटली: जोडीतले दोन शब्द एकमेकांचे कोण लागतात हे सांगणं. माझं म्हणणं असं की हे सांगायची उत्तम सोय मराठीत आणि अहिराणीत आधीपासून आहे. शाळेनं तिथूनच सुरुवात केली पाहिजे. आणि ज्या कागदावर माणसाची जमीन गुंतते, त्यावर अशा जोडीचा अर्थ उलगडून लिहिलाच पाहिजे.

आमच्याकडे हे शिकवलं कसं जातं ते आधी सांगतो. फळ्यावर दोन रकाने. डावीकडे ‘सेफ अँड साउंड’, उजवीकडे ‘सुखरूप’. डावीकडे ‘पार्ट अँड पार्सल’, उजवीकडे ‘अविभाज्य भाग’. मुलं उतरवून घेतात. ‘साउंड’ म्हणजे आवाज असताना तो सुखरूप कसा झाला, असं कोणी विचारलं तर उत्तर ठरलेलं: “तो वाक्प्रचार आहे, तसाच पाठ करायचा.” हे उत्तर मीही वर्षानुवर्षं दिलं. ते खोटं आहे. तिथला ‘साउंड’ हा आवाजाचा ‘साउंड’ नव्हेच. धडधाकट, निरोगी अशा अर्थाचा तो जुना इंग्रजी शब्द आहे, उच्चार आणि स्पेलिंग पुढे योगायोगानं सारखं झालं. हे सांगायला अर्धा मिनिट पुरतो, आणि सांगितलं की मूल तो शब्द विसरत नाही. विहिरीवरच्या मोटारीच्या वॉरंटी कार्डावर ‘वेअर अँड टेअर’ असतं, त्यातलं ‘टेअर’ मुलं ‘टिअर’ वाचतात आणि अश्रू असा अर्थ लावतात. स्पेलिंग तेच, शब्द वेगळा. नेहमीच्या वापरानं होणारी झीज कंपनी भरून देणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. मोटार जळाल्यावर दुकानदार त्याच ओळीवर बोट ठेवतो.

या जोड्या इंग्रजीत एवढ्या का, याला इतिहास आहे. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंड जिंकलं. दरबार, जमीनदार, न्यायालयं फ्रेंच बोलू लागली. रयत इंग्रजीच बोलत राहिली, आणि लेखी नोंदी लॅटिनमध्ये होत राहिल्या. दस्तात एकाच गोष्टीला दोन भाषांतले दोन शब्द शेजारी बसू लागले. ‘विल अँड टेस्टामेंट’मध्ये ‘विल’ इंग्रजी, ‘टेस्टामेंट’ लॅटिन. ‘ब्रेकिंग अँड एंटरिंग’मध्ये पहिला इंग्रजी, दुसरा फ्रेंच. ‘गुड्स अँड चॅटल्स’चंही तसंच. १३६२ च्या कायद्यानं न्यायालयात तोंडी कामकाज इंग्रजीत करायला सांगितलं, तरी नोंदी लॅटिनमध्येच राहिल्या, आणि कोर्टाच्या कागदांतून लॅटिन आणि कोर्टातली फ्रेंच जायला १७३३ साल उजाडलं. एवढ्या शतकांत या जोड्या वकिलांच्या जिभेवर पक्क्या बसल्या. अर्थात प्रत्येक जोडीचं मूळ असं दुभाषी नाही. ‘टू हॅव अँड टू होल्ड’ ही दोन्ही अंगांनी अस्सल इंग्रजी आहे, आणि ‘नल अँड व्हॉइड’मधले दोन्ही शब्द लॅटिन-फ्रेंचच. तिथे ठसका आणि ताल यांनी जोडी जमवली.

आता हीच गोष्ट खानदेशाची म्हणून वाचा. १३८२ पासून १६०१ पर्यंत इथे फारुकींचं राज्य होतं, आधी तापीकाठच्या थाळनेरला, मग बुऱ्हाणपूरला. त्यांच्यामागून मोगल आले. दप्तर फारसीत, वावर मराठी-अहिराणीत. आणि आपल्याही भाषेत जोड्या बसल्या. ‘कागदपत्र’ घ्या: कागद फारसी, पत्र संस्कृत. ‘बाजारहाट’मध्ये बाजार फारसी आणि हाट आपला जुना, ‘हट्ट’ या संस्कृत शब्दाचा वारस. ‘धनदौलत’ अर्धी संस्कृत, अर्धी अरबी. ‘रीतिरिवाज’ही तसाच. पुढे इंग्रज आले, तर लोकांनी ‘कोर्ट’ उचललं आणि जुन्या ‘कचेरी’ला बांधून ‘कोर्टकचेरी’ केलं. शब्दकोश बघायला कोणी गेलं नाही. ज्याला एक शब्द कळत नाही त्याला दुसरा कळावा, एवढ्यासाठी बायाबापड्यांनी हे केलं. लंडनच्या वकिलाला चौदाव्या शतकात जी गरज वाटली, तीच पारोळ्याच्या बाजारात बसणाऱ्या माणसालाही वाटली होती.

यंदा मी दोन रकाने पुसले. फळ्यावर ‘नल अँड व्हॉइड’ लिहून विचारलं, तहसील कचेरीतून अर्ज फेटाळला गेला की कागदावर काय शेरा येतो? मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, “रद्दबातल.” तिच्या वडिलांचा कुठलासा अर्ज तसा झाला होता. मग आम्ही तो शब्द उलगडला. ‘रद्द’ अरबी, म्हणजे फेटाळलेलं. ‘बातल’ही अरबी, ‘बातिल’ म्हणजे पोकळ, खोटं, न टिकणारं. ‘नल’ म्हणजे काहीच नाही, ‘व्हॉइड’ म्हणजे रिकामं. दोन शब्द, जवळजवळ एकच अर्थ, दुसरा पहिल्यावर ठोकून बसवलेला खिळा. ‘रद्दबातल’ म्हटल्यावर जो हादरा बसतो तो ‘निरर्थक’ म्हटल्यावर बसत नाही, हे त्या मुलीला मी सांगायची गरज नव्हती.

‘गुड्स अँड चॅटल्स’ला आमच्याकडे तयार शब्द आहे, ‘मालमत्ता’. माल आणि मता, दोन्ही अरबी, दोन्हींचा अर्थ चीजवस्तू. ‘चॅटल’ आणि गुरांना म्हणतात तो ‘कॅटल’ हे दोन शब्द एकाच मुळाचे आहेत, हे सांगितल्यावर वर्गातल्या पोरांना आश्चर्य वाटलं नाही. ज्याच्या दावणीला जनावर तोच पैसेवाला, हे ती घरी बघतच मोठी झाली आहेत. आपणही ‘पशुधन’ म्हणतोच. ‘टर्म्स अँड कंडिशन्स’चं ‘अटी व शर्ती’ झालं आहे, आणि तीही जोडी तशीच: अट मराठी, शर्त अरबी. भाषांतर करणाऱ्यानं इथे नवा शब्द पाडला नाही, जिभेवरचा घेतला, म्हणून तो टिकला. ‘मूव्ह हेवन अँड अर्थ’ला शब्दकोशात ‘पराकाष्ठेचे प्रयत्न करणे’ असं मिळतं. माझी आई म्हणते, “आकाशपाताळ एक केलं.” शब्दकोशानं आईला विचारायला हवं होतं.

सगळ्यात जास्त वेळ आम्ही ‘पार्सल’वर घालवला. ‘पार्ट अँड पार्सल’मधलं ‘पार्सल’ म्हणजे पोरांना हॉटेलातून बांधून आणलेली शेवभाजी. मी सांगितलं, पार्सल म्हणजे मुळात तुकडा, भाग; बांधलेला पुडा हा अर्थ मागून आला. मग सांगितलं, घरी इंग्रजीतलं खरेदीखत असेल तर बघा. दोन दिवसांनी एका मुलानं वडिलांना विचारून झेरॉक्स आणली. धुळ्याकडच्या प्लॉटचा दस्त होता. त्यात परिशिष्टाची सुरुवातच होती: ‘ऑल दॅट पीस अँड पार्सल ऑफ लँड’. पीस म्हणजे तुकडा, पार्सलही तुकडा. मुलगा म्हणाला, “सर, एकच प्लॉट आहे, दोन तुकडे कशाला?” यापेक्षा चांगला प्रश्न मला वर्गात कोणी विचारलेला नाही.

त्याला उत्तर म्हणून मी आमच्याच घरातलं जुनं खरेदीखत वाचून दाखवलं. ‘जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह.’ मराठी दस्तांत हे शब्द पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. जल म्हणजे पाणी, तरु झाड, तृण गवत, काष्ठ लाकूड, पाषाण दगड, निधी पुरलेलं धन, निक्षेप ठेव. इथे एकही शब्द दुसऱ्याची सावली नाही. प्रत्येक शब्द एका भांडणाची वाट बंद करतो: उद्या विहिरीचं पाणी माझं म्हणू नकोस, बांधावरचा निंब माझा म्हणू नकोस. आणखी मागे जा. मराठ्यांच्या इनामपत्रांत ‘हल्ली पट्टी व पेस्तर पट्टी’ अशी जोडी येते. हल्ली म्हणजे आजची, पेस्तर म्हणजे पुढे बसेल ती. आजचा कर माफ आणि उद्याचाही माफ. ‘पेस्तर’ हा एक शब्द गळला तर नातवाला कर भरावा लागेल. इतिहासाचार्य राजवाड्यांनी असेच कागद गावोगावच्या वाड्यांतून गोळा केले. ३१ डिसेंबर १९२६ ला ते धुळ्यात वारले आणि त्यांच्या संग्रहासाठी तिथे राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. जोडशब्दाचं वजन काय असतं हे शिकायला आमच्या मुलांना परदेशी जायला नको, धुळ्याला एसटीनं जाऊन येता येतं.

या उदाहरणांतून मुलांना एक फरक सापडला, आणि माझ्या मते सगळ्या विषयाचा गाभा तोच आहे. काही जोड्या जुळ्या असतात. ‘नल अँड व्हॉइड’, ‘पीस अँड पार्सल’, ‘पीस अँड क्वाएट’ (इथला ‘पीस’ म्हणजे शांतता), आपली ‘मालमत्ता’, ‘दगडधोंडा’, ‘कामकाज’. एक शब्द गाळला तरी अर्थ फारसा हलत नाही, जोर कमी होतो. काही जोड्या मात्र बैलजोडीसारख्या असतात. दोन वेगळी जनावरं, एक सोडलं तर गाडा अडतो. ‘जॉइंटली अँड सेव्हरली’ तशी आहे. ‘पेस्तर पट्टी’ तशी आहे. इंग्रजांच्या कायद्यात ‘असॉल्ट अँड बॅटरी’ तशी आहे: अंगावर धावून जाणं हा एक गुन्हा, प्रत्यक्ष हात लावणं हा दुसरा. आणि काही जोड्यांचा तिसराच प्रकार असतो. दोन शब्द मिळून त्यांचा आवाका दोघांच्या बेरजेपेक्षा मोठा होतो. आपण समाहार द्वंद्व शिकवताना हेच सांगतो की ‘मीठभाकर’ म्हणजे मीठ आणि भाकर एवढंच नाही, साधं जेवण, पोटापाण्याची सोय. ‘ब्रेड अँड बटर’ त्याच घरचा.

या तिसऱ्या प्रकारातल्या जोडीवर एका माणसाची सुटका झालेली आहे. ऑगस्ट १९६५ मध्ये डॉ. राममनोहर लोहियांना पाटण्यात भारत संरक्षण नियमांखाली स्थानबद्ध केलं गेलं. आदेशात कारण होतं ‘लॉ अँड ऑर्डर’ राखण्याचं. नियमात शब्द होते ‘पब्लिक ऑर्डर’. सरकारपक्षाला दोन्ही सारखंच वाटत होतं. सर्वोच्च न्यायालयानं बहुमतानं सांगितलं की नाही. न्यायमूर्ती हिदायतुल्लांनी तीन वर्तुळं कल्पायला सांगितली, एकात एक. सगळ्यात मोठं ‘लॉ अँड ऑर्डर’चं, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्थेचं, त्याच्याही आत राज्याच्या सुरक्षिततेचं. दोन दारुड्यांची मारामारी पहिल्या वर्तुळात येईल, दुसऱ्यात येईलच असं नाही. मोठ्या वर्तुळाचं कारण दाखवून लहान वर्तुळासाठी दिलेला अधिकार वापरता येत नाही. स्थानबद्धता बेकायदा ठरली. आपण ‘कायदा आणि सुव्यवस्था’ हे शब्द रोज वर्तमानपत्रात वाचतो आणि एका घोटात गिळतो.

घरचं उदाहरण तर अगदी ताजं आहे. ‘किथ अँड किन’ला बहुतेक ठिकाणी ‘सगेसोयरे’ किंवा ‘नातेवाईक’ अर्थ दिलेला दिसतो. ‘किन’ म्हणजे नात्यातले, हे बरोबर. ‘किथ’ मात्र जुन्या इंग्रजीत ओळखीचा मुलूख आणि ओळखीची माणसं. म्हणजे ती जोडी ‘ओळखीपाळखीचे आणि नात्यातले’ अशी आहे. ‘सगेसोयरे’ची मांडणी वेगळी: सगे रक्ताचे, सोयरे लग्नानं जोडलेले. जानेवारी २०२४ मध्ये राज्य सरकारनं जातीच्या दाखल्यांच्या नियमांत बदलाचा मसुदा काढला, तेव्हा याच जोडशब्दाची व्याख्या लिहावी लागली आणि ती सजातीय विवाहातून झालेल्या नात्यांशी बांधावी लागली. त्या वादात कोणाची बाजू बरोबर, हा माझा विषय नाही. माझा मुद्दा एवढाच की आपल्या आजीच्या तोंडचा एक साधा जोडशब्द लाखो लोकांच्या दाखल्याचा प्रश्न होऊ शकतो. सोयरा म्हणजे नेमका कोण, यावर अख्खं राज्य बोललं.

जोडीत पुढे कोण आणि मागे कोण, हाही वर्गात रंगणारा विषय आहे. याकोव्ह मॅल्कील या भाषाशास्त्रज्ञानं १९५९ साली इंग्रजीतल्या न उलटणाऱ्या जोड्यांवर निबंध लिहिला. ‘ऑर्डर अँड लॉ’, ‘बटर अँड ब्रेड’ असं कोणी म्हणत नाही. का? एक उत्तर पाणिनीनं फार आधी देऊन ठेवलं आहे. अष्टाध्यायीच्या दुसऱ्या अध्यायात सूत्र आहे, ‘अल्पाच्तरम्’: द्वंद्वात कमी स्वरांचा शब्द आधी. ‘लॉ’ आखूड, ‘ऑर्डर’ लांब. ‘ब्रेड’ आखूड, ‘बटर’ लांब. ‘टर्म्स’ आखूड, ‘कंडिशन्स’ लांब. मराठीतही मीठभाकर, ऊनपाऊस, शेतशिवार. मुलांना ‘पाऊसऊन’ म्हणायला लावा, वर्ग हसतो आणि नियम डोक्यात बसतो. सूत्राला अपवाद भरपूर आहेत. पाणिनीच्या परंपरेनंच दुसरी बाजू सांगितली आहे, की ज्याचा मान मोठा त्याला पुढे ठेवा. म्हणून मायबापमध्ये माय आधी. इंग्रज ‘मोअर ऑर लेस’ म्हणतो, आपण ‘कमीजास्त’. तो ‘फ्लेश अँड ब्लड’ म्हणतो, आपण ‘रक्तामांसाचा’. असे उलटे प्रवास गोळा करायला सांगितले की मुलं घरी जाऊन आजीला छळतात, आणि मला तेच हवं असतं. अहिराणीत मुलगा ‘आंडोर’ आणि मुलगी ‘आंडेर’. ही जोडी शाळेच्या फळ्यावर पहिल्यांदा लिहिली तेव्हा काही मुलं लाजली. शाळेत आपली बोली चालत नाही, असं त्यांना कोणीतरी शिकवलं होतं.

यावर पालकांचा आक्षेप असतो आणि तो मी हलका मानत नाही. ते म्हणतात, इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवा, मराठीत अडकवू नका, नाहीतर पोरगं पुण्याला मुलाखतीत अडखळेल. जून २००० पासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आहे, तरी अडखळणं संपलेलं नाही, ही त्यांची तळमळ खरी आहे. पण ज्या घरात इंग्रजी बोललं जात नाही, तिथे इंग्रजी शब्दाचा अर्थ दुसऱ्या इंग्रजी शब्दानं सांगणं म्हणजे एका बंद कुलपाची किल्ली दुसऱ्या कुलपात ठेवणं. आणि मातृभाषा मधे येतेच, आपण बोलावलं नाही तरी. इंग्लंडमध्ये ‘नूक अँड क्रॅनी’ म्हणतात, आपल्याकडचे चांगले इंग्रजी लिहिणारेही ‘नूक अँड कॉर्नर’ लिहितात. मला त्यात ‘कानाकोपरा’ ऐकू येतो. जी गोष्ट येणारच आहे तिला दारातून आत घ्यावी. माझ्या चुलतभावाचं इंग्रजी वाचन चांगलं आहे. ‘सेव्हरली’ त्याला वाचता आलं, समजलं नाही, आणि न समजल्याची जाणीवही झाली नाही. मुलाखतीतल्या अडखळण्यापेक्षा हे जास्त महाग पडलं.

दुसरा आक्षेप एका वकील मित्राचा. तो म्हणतो, या जोड्यांना न्यायालयांनी ठरवलेले अर्थ आहेत, तुम्ही सोप्या मराठीत लिहायला गेलात तर नेमकेपणा जाईल. लोहियांचा खटला मी त्याच्याचकडून नीट समजून घेतला, त्यामुळे त्याचं म्हणणं मला पटतं. इंग्रजी कलम काढा असं मी म्हणतच नाही. ते राहू द्या. पण त्याखाली जे मराठी छापता, ते कोणासाठी छापता? ‘पृथकपणे’ हा शब्द ज्याला कळतो त्याला बहुधा ‘सेव्हरली’ही कळतं. ज्याला कळत नाही त्याच्यासाठी भाषांतर आहे, आणि त्याच्याच हाती ते लागत नाही. बिगर-बँक वित्तीय कंपन्यांसाठी रिझर्व्ह बँकेची उचित व्यवहार संहिता आहे. तीत कर्जदाराशी पत्रव्यवहार स्थानिक भाषेत किंवा त्याला समजेल अशा भाषेत करायला सांगितलं आहे. त्यातलं ‘समजेल’ महत्त्वाचं. आणि ही काळजी जामीनदारापर्यंतही पोचली पाहिजे, कारण ट्रॅक्टर त्याच्या दारात कधीच उभा राहत नाही.

असं लिहिता येईल: ‘कर्ज थकल्यास कंपनी सर्व जामीनदारांकडून मिळून किंवा त्यांपैकी कोणाही एकट्याकडून संपूर्ण रक्कम वसूल करू शकेल. जामीनदार दोन असले तरी प्रत्येकाची जबाबदारी निम्मी नाही.’ दोन ओळी. यात एकही अवघड शब्द नाही आणि कायद्याला धक्का नाही. सहीच्या वर, मोठ्या टायपात. सही घेणाऱ्या माणसानं ती मोठ्यानं वाचून दाखवावी, एवढा नियम झाला तरी निम्मे जामीनदार पेन खाली ठेवतील. कंपन्यांना बहुधा तीच भीती असावी. पण समजून सही करणारा जामीनदार आणि न समजता करणारा, यांतला कोणता हवा हे त्यांना उघडपणे सांगावं लागेल.

शाळेकडून मला जे हवं त्याला शासन निर्णय लागत नाही. आठवी ते दहावीच्या प्रत्येक वर्गात वर्षातले चार तास पुरे. घरातल्या ट्रंकेतले कागद, त्यांतल्या जोड्या, त्यांच्या शेजारी आपल्या जोड्या, आणि प्रत्येकीला एकच प्रश्न: हे दोघं जुळे की बैलजोडी? माझ्या वर्गात यंदा सत्तावीस मुलांनी कागद आणले. विम्याच्या पावत्या, मोटारीचं वॉरंटी कार्ड, बचत गटाचा करार, मोबाईलच्या हप्त्याचं पत्र. त्यातल्या तीन कागदांवर ‘जॉइंटली अँड सेव्हरली’ होतं. तिन्ही घरांतल्या सह्या करणाऱ्या माणसांना मी जाऊन भेटलो. दोन आया होत्या, एक आजोबा. तिघांनाही वाटत होतं की आपला वाटा ठरलेला आहे.

नानांनी कापूस विकून आणि थोडं हातउसनं घेऊन सगळी रक्कम भरली. त्यांना मी कलम १४६ समजावून सांगितलं, निम्मे पैसे व्याह्यांकडून मागता येतात, कायदा तुमच्या बाजूनं आहे. त्यांनी भरलेल्या पावत्या एकावर एक ठेवल्या, कडा जुळवल्या आणि पिशवीत घातल्या.

“याही शे तो,” म्हणाले. “मनी आंडेर शे त्याना घरमा.”